पेटी सोडण्याबाबत

बाजाच्या पेटीचं एक टोक दीक्षानं धरलं होतं, दुसरं मोनिकानं. परिपाठ संपला की मैदानावरून प्रयोगशाळेपर्यंत पेटी न्यायची, ही दोघींची रोजची वरात. पायरीशी आल्यावर मोनिका नेहमीसारखी आधी चढली आणि पेटीचा कोपरा दीक्षाच्या नडगीवर बसला.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी. आज किती चुका झाल्या गं?"

"मोजायला मी काय तुझ्यासारखी रिकामी असते का तिथं?"

"मी मोजल्या. चार." मोनिकानं पेटी टेबलावर टेकवली. "काल सहा होत्या. प्रगती आहे तुझी."

दीक्षा हसली नाही. तेव्हा मात्र मोनिकानं तिच्याकडं नीट बघितलं. कारण नववी 'ब'मध्ये विनोद कुणीही करो, सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसणारी दीक्षाच. सातवीपर्यंत ही मुलगी हजेरीला "उपस्थित" म्हणायची तेसुद्धा शेजारणीला ऐकू जायचं नाही. आठवीत वक्तृत्वात दुसरा नंबर आला आणि जणू कुणी तरी तिच्या अंगातलं बटण दाबलं. तेव्हापासून प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. खो-खोत हात वर, विज्ञान प्रदर्शनात हात वर, भात शिजलाय का बघायला कोण जाईल म्हटलं तरी हात वर. पेटीचंही तसंच झालं. जूनमध्ये पेटी वाजवणारी ताई दहावी होऊन गेली, सीमा मॅडमनी "आता कोण?" एवढंच विचारलं आणि हात वर गेला. मागून कुणी तरी म्हणालंच, "म्हाळूआबांची नात आहे मॅडम, तिच्या रक्तातच पेटी."

रक्तात असेल. बोटांत काही आली नाही.

मोनिका वर्गाकडं पळाल्यावर दीक्षानं कंपासपेटीतून घडी केलेला कागद काढला आणि कोपऱ्यात भूमितीच्या वह्या तपासत बसलेल्या सीमा मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी लाल पेन कानावर अडकवून तो मोठ्यानं वाचला.

"विषय : पेटी सोडण्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करते की, मी कुमारी दीक्षा, इयत्ता नववी ब, पेटी सोडू इच्छिते. कारण की," मॅडम थांबल्या. कागद उलटा करून पाहिला. "कारण की, स्वल्पविराम. पुढं?"

"तेच सुचत नाही मॅडम."

"येत नाही म्हणून सोडतेस, का आवडत नाही म्हणून?"

"दोन्ही." दीक्षानं ओढणीच्या टोकाला गाठ मारली. "म्हणजे, दोन्ही नाही. आवडते हो. पण मी वाजवायला लागले की नाही आवडत."

मॅडमनी चष्मा काढला. त्या शिकवायच्या भूमिती. शाळेला संगीताचे सर नव्हते म्हणून प्रार्थनेचं काम त्यांच्याकडं आलं होतं आणि पेटीला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

"पुढच्या रविवारी दौंडला स्पर्धा आहे. शाळेचं स्वतःचं प्रार्थनागीत, बारा मुलं आणि एक वादक. शनिवारी फॉर्म भरायचाय. उद्यापासून चार दिवस सुलक्षणा वाजवेल. तू रांगेत उभी राहा. शनिवारी मला हे वाक्य पूर्ण करून सांग."

आणि त्यांनी कागद वहीत ठेवला, चुकीची फुली न मारता.

सुलक्षणा दिवाळीनंतर दौंडहून आलेली. वडील तिथं रेल्वेत, आई इथं वडगावच्या उपकेंद्रात नर्स, म्हणून मुलगी आईबरोबर. तिनं पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. वाजवताना ती पट्ट्यांकडं बघायचीच नाही. बोटं आपली आपण चालत असायची आणि ही बाई निवांत समोरच्या लिंबाकडं बघत बसायची. दीक्षाला तिचा राग यायला हवा होता. पण ती डब्यातली शेंगदाण्याची चटणी न मागता वाढायची, त्यामुळं रागसुद्धा धड येत नव्हता.

संध्याकाळी आबा गोठ्यापुढं बसून उसाचं वाढं बारीक करत होते. शेळ्या दाव्याला ओढ देत होत्या. दीक्षा दप्तरासकट त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आबा, मी पेटी सोडली."

"बरं."

"बरं काय? सोडली म्हणते मी."

"ऐकलं की. सोडली. सर तिकडं, शेळीचं तोंड येतंय."

दीक्षाला वाटलं होतं, आबा रागावतील. किंवा गप्प तरी होतील, म्हणजे आपल्याला वाईट वाटून घेता येईल. आबांची गायन पार्टी एके काळी जयंतीला चार-चार गावं करायची. यवतपर्यंत सुपारी असायची. मंडपात लोक गाणाऱ्याच्या आधी पेटीवाल्याला चहा द्यायचे, असं आबाच सांगायचे.

"तुमास्नी काहीच वाटत न्हाई?"

"मला काय वाटायचं? म्या सोता सोडल्याली हाय."

"कवा?"

"तीनदा." आबांनी कोयता खाली ठेवला आणि बोटं मोडली. ती आता पुरती मिटत नसत. "येकदा बायकूशी भांडान झालं तवा. येकदा गाणाऱ्यानं भर मंडपात चूक काढली तवा. आन् येकदा उगंच."

"मग?"

"मंग काय, दोनदा माघारी गेलो."

दीक्षाला हसू फुटलं. "आन् तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्या खेपंला कुणी बोलवाया आलं न्हाई." आबांनी वाढ्याची पेंढी शेळ्यांपुढं टाकली. "जा, हातपाय धू. तुझी आई कंपनीतनं यायची येळ झाली, च्या ठेव."

दुसऱ्या दिवशी दीक्षा सहा महिन्यांनी पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. मोनिकाच्या मागं, हात जोडून, ऊन तोंडावर. समोर पेटीमागं सुलक्षणा. तिनं भाता ओढला आणि सूर असा आला की पहिल्या रांगेतल्या पोरांनी मानाच वर केल्या. रोज हीच पेटी होती का ही? दीक्षाला आपल्या बोटांची लाज वाटली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. झालं. सुटले. आता नुसतं गायचं.

प्रार्थना शाळेची स्वतःची होती. निवृत्त झालेल्या हौसराव गुरुजींनी लिहिलेली आणि त्यांनीच चाल लावलेली.

*भीमाकाठची आम्ही लेकरं, उजेड मागू सारे,*
*हाती पुस्तक, पायी माती, उघडी ठेवू दारे.*

पहिली ओळ सरळ गेली. दुसरी सुरू झाली. "पायी माती" झालं, आणि साडेतीनशे मुलं गप्प बसली.

पेटी गप्प बसली नाही. ती गुरुजींनी लिहून ठेवलेल्या चालीप्रमाणं वर चढली, "उघडी"च्या उंच सुरावर पोचली आणि तिथं एकटीच उभी राहिली. मुलांनी "उघडी" उचललं, तोवर पेटी "दारे"त गेलेली. पाचवीची पोरं एका टोकाला, दहावीची दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सुलक्षणा. शेवटची ओळ संपली तेव्हा शाळा तीन ठिकाणी संपली. कुणी तरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापकांनी माइकवर टिचकी मारली.

दीक्षा हसली नाही. ती स्वतःही थांबली होती. जोडलेल्या हातांत तिचा उजवा अंगठा वाकून आत गेला होता.

ती जागा तिची होती. "पायी माती"नंतर सूर वर चढतो, पाची बोटं संपतात आणि अंगठा आत घेऊन पुढची पट्टी गाठावी लागते. तिथं ती जूनपासून रोज अडायची. खाली बघायची, पट्टी शोधायची, सापडली की दाबायची. तिला वाटायचं, मुलं गात पुढं जात असतील आणि आपणच मागून धापा टाकत पोचतो. मान खाली असल्यावर दुसरं काही कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुलक्षणानं भाता सोडला आणि उठून उभी राहिली.

"मी अडत नाही. मग तुम्ही तिथं का थांबता?"

पाचवीची पहिली रांग तिच्याकडं बघत राहिली. एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "थांबायचं असतंय तिथं."

"कुणी सांगितलं?"

"असंच हाय ते गाणं," ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. पाचवीची मुलं जूनमध्येच या शाळेत आली होती. त्यांनी दुसरं गाणं ऐकलंच कुठं होतं?

मधल्या सुट्टीत सीमा मॅडमनी दीक्षाला बोलावलं. त्या रागावल्या होत्या की चकित झाल्या होत्या, ते त्यांनाही कळत नसावं.

"माझ्या लक्षात कसं आलं नाही गं? मीसुद्धा थांबते तिथं! सहा महिन्यांत तू अख्ख्या शाळेला चुकीचं शिकवलंस, दीक्षा. परीक्षक तिथंच गुण कापणार."

बाहेर मोनिका वाट बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, कारण ती दाराला चिकटूनच उभी होती.

"भारीच आहे की! साडेतीनशे पोरं तुझ्यासाठी थांबतात. माझ्यासाठी घरची रिक्षा थांबत नाही."

"माझ्यासाठी नाही गं. माझ्या चुकीसाठी."

"तेच ते."

"तेच कसं?"

"मग वेगळं कसं?" मोनिकानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नळाकडं पळाली.

दीक्षा व्हरांड्यात उभी राहिली. एकदा तिला वाटलं, नाचावं. लगेच वाटलं, तोंड लपवून घरी जावं. मग तिनं खिडकीच्या गजावर, एका ओळीत, पाच बोटं ठेवून पाहिली.

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, सुलक्षणा घरी आली. सायकल कुंपणाला टेकवून, हातात चौकटीची वही.

"दीक्षा, तू त्या जागी किती मात्रा थांबतेस? मला वहीत लिहून घ्यायचंय."

"माहीत नाही."

"असं कसं? अंदाजे सांग."

"पट्टी सापडेपर्यंत." दीक्षानं खरं ते सांगितलं. "कधी एक. कधी दोन. शनिवारी सकाळी बोटं गार असतात, तेव्हा अडीच."

"अडीच मात्रा असं काही नसतं."

"असतंय, असतंय," गोठ्याकडून आबा म्हणाले.

सुलक्षणानं वही मिटली. ती रडवेली झाली आहे, हे दीक्षाला तेव्हा दिसलं. ही पोरगीसुद्धा रडवेली होऊ शकते, याचंच तिला नवल वाटलं.

"मी पण थांबून बघितलं आज, बारा जणांच्या सरावात," सुलक्षणा म्हणाली. "मी थांबले की ते कधी सुरू करतात तेच कळत नाही. चार जण आधी, आठ जण नंतर. मी विचारलं, तुम्हाला कळतं कसं? तर म्हणाले, दीक्षाचा अंगठा आत गेला की आम्ही घेतो. तुला माहीत होतं हे?"

"मी खालीच बघत असते. मला कसं माहीत असणार?"

आबांनी चहाचे दोन कप आणून ओट्यावर ठेवले आणि शेळ्यांकडं गेले.

"अंगठा तिथं पोचल्यावर का नेतेस आत?" सुलक्षणानं अचानक विचारलं. "आधीच न्यायचा. 'पायी' म्हणतानाच. मधल्या बोटाखालून, गुपचूप. मग 'माती' संपते तेव्हा तो तिथं बसलेला असतो."

दीक्षा तिच्याकडं बघतच राहिली. सहा महिने. मोबाईलवरचे व्हिडिओ झाले, आबांच्या न मिटणाऱ्या बोटांनी पाटावर करून दाखवलेलं झालं, मॅडमचं "लक्ष दे, लक्ष दे" झालं. हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"उद्या मधल्या सुट्टीत येशील?" सुलक्षणा म्हणाली. "मला एकटीला नाही जमत आहे हे."

शुक्रवारी दोघींनी डबे उघडलेच नाहीत. प्रयोगशाळेत, परीक्षानळ्यांच्या फळीखाली, दीक्षानं तेवढाच तुकडा वाजवला. पायी माती, उघडी. पायी माती, उघडी. सुलक्षणा शेजारी उभी राहून नुसतं म्हणायची, "आधी. आधी. अजून आधी." पंचविसाव्या वेळेला की तिसाव्या, अंगठा मधल्या बोटाखालून सरकला आणि उंच सूर आपोआप, मागून कुणी ढकलल्यासारखा न येता, आला. दीक्षानं चटकन हात उचलला. पट्टी गरम लागावी तसा.

"आलं!"

"परत कर."

परत आलं. पुन्हा आलं. घंटा झाली तरी येत होतं. वर्गाकडं पळता पळता दीक्षाला इतकं हसू येत होतं की समोरून येणाऱ्या शिपाईमामांनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का काय?"

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर बारा जण प्रयोगशाळेत दोन रांगांत उभे राहिले. सीमा मॅडमनी टेबलावर फॉर्म पसरला होता, शेजारी दीक्षाचा 'कारण की'वर थांबलेला अर्ज. गायकांची बारा नावं भरलेली, 'वादक' या शब्दासमोर रिकामं. पेनचं टोपण त्यांनी काढून ठेवलं होतं.

"आधी सुलक्षणा."

सुलक्षणानं वाजवलं. कालच्यापेक्षा बरं झालं. त्या जागी पाच जण पुढं गेले, सात थांबले, आणि शेवट मात्र सगळ्यांनी एकत्र गाठला. मॅडमनी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते कळलं नाही.

"दीक्षा?"

दीक्षा पेटीमागं बसली. भाता उघडला. बोटं गार होती, पण आज ते तिच्या लक्षातही आलं नाही. पहिली ओळ. दुसरी. "पायी" म्हणतानाच अंगठा खालून गेला, "माती" संपली तेव्हा तिथं बसलेला होता, आणि दीक्षा न अडता, न बघता, सुलक्षणासारखी सरळ वर चढली.

आणि एकटीच पोचली. मागं सगळे बाराच्या बारा थांबलेले.

तिनं भाता सोडून दिला. सूर घरंगळत बंद पडला.

"अरे, थांबता कशाला? आता येतंय मला!"

"आम्हाला काय माहीत तुला येणार म्हणून?" मोनिका दुसऱ्या रांगेतून म्हणाली. "सांगायचं तरी!"

सगळे हसले. मॅडमसुद्धा. दीक्षाही हसली, मग भाता मिटता मिटता तिच्या लक्षात आलं. एवढे दिवस येत नव्हतं म्हणून सोडायचं होतं. आता येत होतं, तर ही सगळी मागं राहिली होती. आता ह्याचं काय करायचं? कुणाला विचारायचं? तिनं सुलक्षणाकडं पाहिलं. सुलक्षणा पेटीकडं बघत होती.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी मान वर होती. खाली बघायची गरजच नव्हती, त्यामुळं डोळे आपसूक समोर गेले, आणि तिला पहिल्यांदाच ते बारा चेहरे गाताना दिसले. मोनिका डोळे मिटून गाते, हे तिला ठाऊकच नव्हतं. रोहनची हनुवटी प्रत्येक शब्दाला वर जाते. कडेची सहावीतली छोटी "पुस्तक"वर टाचा उचलते. "पायी" आलं. अंगठा खालून सरकला. "माती" आलं. अंगठा उंच पट्टीवर टेकला, तयार.

दीक्षानं पट्टी दाबली नाही.

समोर बारा तोंडं किंचित उघडली, बारा छात्या भरल्या. मोनिकानं डोळे उघडले. ते सगळं व्हायला एक मात्रा लागली, की दोन, कुणी मोजलं नाही. दीक्षानं डावा हात हळूच पुढं नेला, भाता भरला, आणि मग अंगठा खाली गेला. "उघडी" एका दमात आलं, असं की फळीवरच्या परीक्षानळ्या बारीक किणकिणल्या.

गाणं संपलं. मॅडमचं पेन फॉर्मवर टेकलं होतं आणि तिथं निळा ठिपका पसरत होता.

"सुलक्षणा, तुझ्या परीक्षा झाल्यात. तू सांग," त्या म्हणाल्या. "हे बरोबर आहे का?"

सुलक्षणा वही घेऊन पेटीजवळ आली. दीक्षाच्या कानाशी वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत्ता तू अडलीस, का थांबलीस?"

दीक्षानं पेटी थोडी जवळ ओढली, सुलक्षणाला शेजारी बसायला जागा केली आणि रांगांकडं बघून म्हणाली,

"परत एकदा म्हणू या."